शहरं जाळणाऱ्यांना कसली आदरांजली?

टोरांटोकर: दुसऱ्या महायुद्धातल्या अँड्र्यू मिनार्स्की या कॅनडाच्या हवाई दलातल्या गनरवर चार ओळी लिहिल्या, तर वरचा प्रश्न आला. म्हणून हे सविस्तर. 12 जून 1944 च्या रात्री त्याचं लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान निघालं होतं ते फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर. जर्मन विमानाने गाठलं, आग लागली, पायलटने उड्या मारायला सांगितलं. मिनार्स्की दाराशी पोचला, तर शेपटाकडचा गनर पॅट ब्रॉफी टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटात, अडकलेला. ती जागा एवढीशी, की गनरचं पॅराशूटसुद्धा बाहेर ठेवावं लागे. हा आगीतून रांगत गेला, कुऱ्हाड चालवली, मग नुसत्या हातांनी खेचलं. शेवटी ब्रॉफीनेच 'जा' म्हणून खुणावलं. कपडे पेटलेले असताना त्याला सॅल्यूट ठोकून याने उडी घेतली. जमिनीवर पोचला, पण भाजल्यामुळे गेला. विमान कोसळूनही ब्रॉफी मात्र वाचला! अशा माणसाला हात जोडायचे नाहीत?

रेवती: प्रश्न माझाच होता. शौर्य मान्य. पण जुलै 1943 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला याच दलाच्या बॉम्बहल्ल्यांत तीस हजारांवर माणसं मेली, पोराबाळांसकट. यार्डाच्या आड ते लपवू नका. मी तिथे राहिले आहे. सायरनची चाचणी झाली की शेजारच्या आजींचे हात थरथरायचे.

माणगावकर: आमच्या यशवंत घाडगेंवर कोण लिहिणार? मिनार्स्कीनंतर महिन्याच्या आत, 10 जुलैला, इटलीत मशीनगनवर एकटे धावून गेले. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिनार्स्कीसारखा त्यांनाही मरणोत्तरच मिळाला. माणगावात पुतळा आहे, बाहेर कुणाला नाव माहीत नाही.

अनिरुद्ध: इंग्रजांसाठीच लढले ना? 1943 ला बंगालात लाखो लोक अन्नावाचून मेले, तेव्हा राज्य कुणाचं होतं?

माणगावकर: तोंड सांभाळून बोला! माझे आजोबा मराठा पलटणीत गेले ते घरात दाणा नव्हता म्हणून. ते गेल्यावर पेन्शनसाठी आजीने कचेरीचे उंबरे झिजवले. तेव्हा कुठे होता तुमचा स्वाभिमान?

अनिरुद्ध: शिपायांना मी काही म्हटलेलं नाही. राग राज्यकर्त्यांवर आहे.

माणगावकर: मग तसं लिहायचं होतं.

टोरांटोकर: मूळ मुद्द्यावर या. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, 55,573 जण युद्धात गेले. लंडनला त्यांचं स्मारक झालं 2012 मध्ये, आणि त्यावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचंही स्मरण कोरलेलं आहे.

रेवती: वैमानिकांना अख्खं स्मारक, बाकीच्यांना एक ओळ. बरं, ओळ तरी आहे. मिनार्स्कीला हात जोडते. पण हुकूम देणाऱ्या हॅरिसचाही, बॉम्बर कमांडच्या प्रमुखाचा, पुतळा लंडनात उभा आहे. त्याच्यासमोर नाही जोडणार.