बँकेने अचानक फ्लड इन्शुरन्स मागितलाय, काय करू?

ह्युस्टनकर: फेमाचा (अमेरिकेच्या सरकारी आपत्ती संस्थेचा) पूरनकाशा बदलला नि आमचं घर एई झोनमध्ये, म्हणजे पुराचा जास्त धोका असलेल्या भागात गेलं, आता गृहकर्ज दिलेल्या बँकेचं पत्र आलंय की ४५ दिवसांत पॉलिसी दाखवा नाहीतर आम्हीच घेऊन तुमच्या हप्त्यात लावू. होमओनर्स पॉलिसी आहे ना आधीच?

जर्सीतली ताई: अरे त्यात पुराचं नुकसान कव्हर होत नाही! बँकेची पॉलिसी लागू देऊ नकोस, फार महाग पडते, आम्ही भोगलंय. लगेच स्वतःची घे, सरकारी पूरविमा योजनेत (एनएफआयपी) घराला २,५०,००० डॉलरपर्यंतच कव्हर मिळतं, सामानाचं वेगळं घ्यावं लागतं.

टेक्सासवाला: सर्व्हेअरकडून एलिव्हेशन सर्टिफिकेट (घराच्या नि जमिनीच्या उंचीचा दाखला) काढ, घराभोवतीची जमीन पूरपातळीच्या वर निघाली तर फेमाकडे लोमाचा, म्हणजे घर त्या धोक्याच्या झोनमधून वगळण्याचा अर्ज कर, त्याला फी नाही. पण तोवर पॉलिसी ठेवच.