आईचं वजन 8 महिन्यात 11 किलोनी वाढलं, थायरॉईड नॉर्मल आलंय. अजून काय तपासायचं?

डाळिंबबाग:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. आई 57 वर्षांची, सांगोल्याजवळ गावाकडे असते, मी नोकरीला पुण्यात. दिवाळीत गेले होते तेव्हा ती 58 किलो होती, आता जूनमध्ये 69. खाणं म्हणाल तर दोन वेळा ज्वारीची भाकरी, कालवण, भात थोडासा, गोड तिला आवडतच नाही. गुडघ्यांमुळे रानात जाणं बंद झालंय पण घरातलं सगळं अजून तीच करते. जो तो म्हणतो पाळी गेली की बायका सुटतात, अहो पण पाळी जाऊन 8 वर्षं झाली, मग तेव्हा नाही सुटली ती?

थायरॉईडची टीएसएच तपासणी केली, 2.4 आलं, म्हणजे नॉर्मल. उपाशीपोटीची साखर 131, आधी कधीच नव्हती. बीपी 150/94, तेही नवीनच. डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केली आणि वजन कमी करा म्हणाले, तेवढंच.

आता जे डोक्यातून जातच नाहीये ते सांगते. ब्लाऊज घट्ट होतात म्हणत होती म्हणून मी उसवायला काढले. तिला एक घालून बघायला लावला तर पुढची हुकं लागेनात, पोटाकडे पार ताणलेला, आणि बाह्या मात्र ढगळ. दिवाळीत मीच शिवून दिलेला ब्लाऊज आहे हा, तेव्हा दंडाला बरोबर बसला होता. आता बाहीत माझी दोन बोटं आरामात जातात. 11 किलो वाढलेल्या माणसाचा दंड बारीक कसा होईल? कुणाच्या घरी असं बघितलंय का?

चहाटपरी:
मला हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईड कमी पडणं, होऊन 14 वर्षं झाली त्यामुळे त्यातलं सांगते. एक तर टीएसएच 2.4 असेल तर थायरॉईडच्या मागे लागू नका. दुसरं म्हणजे थायरॉईडनी सहसा दोन ते पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ शरीरात साठलेलं असतं, 11 किलो वाढलं आणि खापर थायरॉईडवर फोडलं तर खरं कारण मागेच राहतं. माझ्या बाबतीत वजनापेक्षा थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, केस जाणं हे जास्त होतं. एकच विचारते, आई केसांसाठी वगैरे बायोटिनच्या गोळ्या घेत नाहीत ना? त्यानी थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, लॅबला आधी सांगावं लागतं.

रानवारा:
ताई सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू आणि मध द्या, रात्रीचा भात बंद, संध्याकाळी 7 नंतर काही खायचं नाही. माझ्या मावशीचं 4 किलो कमी झालं याने. औषधांच्या मागे लागू नका, वजन हे शेवटी खाण्याचंच असतं.

कोयनाकाठ:
रानवारा, राग मानू नका, पण "वजन खाण्याचंच असतं" हे वाक्य आमच्या घरात फार महाग पडलंय म्हणून लिहितो. माझ्या वडलांचं वजन 9 दिवसात 6 किलो वाढलं. 9 दिवसात माणूस 6 किलो चरबी कमवू शकत नाही हो, एवढा साधा हिशोब आम्ही कुणी केला नाही. आम्ही त्यांचं जेवण तोडलं. चपला बसेनात, रात्री आडवं झालं की धाप लागायची म्हणून खुर्चीतच झोपायचे. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला, तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. हृदय नीट पंप करत नव्हतं, सगळं पाणी होतं. किडनीच्या आणि लिव्हरच्या आजारातही असं पाणी साठतं. तेव्हा डाळिंबबाग, आईच्या नडगीवर असा अंगठा दाबून बघा, आणि वजन हळूहळू वाढलं की एकदम हेही सांगा. दोनतीन दिवसात दोन किलो वाढलं तर कुणाचंही असो, थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

वॉर्डनंबर3:
मी मेडिसिन वॉर्डला सिस्टर आहे, 19 वर्षं झाली. तुम्ही बाहीचं लिहिलंत ते वाचून लगेच लॉगिन केलं. पोट वाढतंय, हातपाय बारीक होतायत, साखर नवीन, बीपी नवीन. प्लीज या प्रश्नांची उत्तरं द्या. चेहरा गोल झालाय का, गाल फुगून लालसर? मानेच्या मागे खाली उंचवटा आलाय का? पोटावर जांभळट रुंद पट्टे? बाळंतपणाचे जुने पांढरे व्रण असतात ते नाही म्हणत मी, बोटाएवढे रुंद आणि रंगाने जांभळे. जरा लागलं की काळंनिळं पडतं का? जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघ्यांसाठी त्या काय घेतात? डॉक्टरची गोळी, मेडिकलवाल्याने दिलेली, जत्रेतली, बाजारातली, वैदूची, कुणाच्या ओळखीतून आलेली, सगळं सांगा. "औषध काय घेता" विचारलं की बायका बीपीची गोळी तेवढी सांगतात, बाकीचं त्यांच्या लेखी औषधच नसतं.

डाळिंबबाग:
कोयनाकाठ, दाबून बघितलं, खळगा पडत नाही.

सिस्टर, माझ्या हाताला कापरं भरलंय लिहिताना. चेहरा गोल झालाय, आम्ही "तब्येत सुधारली" म्हणत होतो. दंडावर आणि पायावर काळेनिळे डाग आहेत, विचारलं तर म्हणाली बादलीची कडी लागली असेल. पोटावर पट्टे आहेत, जांभळेच. उठताना कपाटाला धरते, ते आम्ही गुडघ्यावर ढकललं.

आणि हो, पुड्या घेते. वर्षभर झालं. आठवडी बाजारात एक माणूस देतो, कागदात बांधलेली तपकिरी पूड, वरती कसलंच नाव नाही. सकाळी एक, रात्री एक. म्हणते पहिल्या दोन दिवसात गुडघ्यांना उतार पडला, एवढा गुण कुठल्याच डॉक्टरला आला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली "झाडपाल्याचं आहे ग, त्यानं काय होतंय". आता सगळ्या पुड्या फेकून द्यायला सांगतेय.

वॉर्डनंबर3:
थांबा. फेकायला सांगू नका आणि आजच्या आज बंदही करायला सांगू नका. का ते सांगते, नीट वाचा.

वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा दोन दिवसात थांबला, भूक वाढली, चेहरा भरला, असं ऐकलं की आमच्या मनात पहिली शंका स्टिरॉइडची येते. अशा नाव नसलेल्या पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडतं. तुमच्या पुडीत आहेच असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण लक्षणं सगळी त्या बाजूची आहेत. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात, हार्वे कुशिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने 1912 मध्ये असा पहिला पेशंट लिहून ठेवला. त्यातला जो खरा शरीरातून होणारा प्रकार, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरीला किंवा किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीला गाठ होऊन, तो फार कमी दिसतो. बाहेरून पोटात गेलेलं स्टिरॉइड हे कारण त्यापेक्षा कितीतरी जास्त. नुसत्या गोळ्यांनीच होतं असंही नाही, सांध्यात वारंवार घेतलेली इंजेक्शनं, गजकर्णासाठी नाहीतर गोरं होण्यासाठी महिनोनमहिने चोळलेली स्टिरॉइडची क्रीम, त्यानेही होऊ शकतं.

आता बंद का नाही करायचं. आपल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात, त्यावर बीपी टिकतं, साखर टिकते, ताप किंवा ऑपरेशन झेपतं. बाहेरून एवढं स्टिरॉइड मिळायला लागलं की मेंदू ग्रंथीला सांगतो तुझं काम नको, आणि वर्षभर असं चाललं की ग्रंथी आक्रसून झोपून जाते. अशात पुडी एकदम थांबली की शरीरात बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. उलट्या, चक्कर, बीपी खाली, माणूस बेशुद्ध होतो. मी असे पेशंट रात्री 2 ला कॅज्युअल्टीत घेतलेत, घरचे सांगतात "चार दिवसांपूर्वी ते औषध बंद केलं, उलट हलकं वाटायला हवं होतं".

उद्याच एमडी मेडिसिनकडे न्या, जमलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, सोलापूर पंढरपूर जे जवळ पडेल ते. उरलेल्या पुड्या कागदासकट सोबत न्या. ते बहुधा सकाळी 8 चं कॉर्टिसॉल करायला सांगतील. दिसायला माणूस स्टिरॉइड जास्त झाल्यासारखा आणि रक्तात स्वतःचं कॉर्टिसॉल अगदी कमी, असं आलं की बाहेरून येतंय हे जवळजवळ नक्की होतं. मध्ये उलट्या किंवा जास्त चक्कर सुरू झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा की स्टिरॉइडचा संशय आहे.

पारिजात22:
वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितेय, कारण माझ्या भावाचंही औषधानेच वाढलं होतं, पण ते रीतसर डॉक्टरने दिलेलं. मानसिक आजारावरचं ओलान्झापिन चालू झाल्यावर 5 महिन्यात 13 किलो. फिटवरचं व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन, शुगरवरचं ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, इन्सुलिन, यांनीही वाढतं. आम्ही घाबरून त्याची गोळी बंद केली आणि महिन्याभरात आजार उलटला, ते दिवस आठवले तरी नको वाटतं. नंतर डॉक्टरांनीच सावकाश औषध बदललं आणि वजन उतरलं. तेव्हा वजन वाढलं तर आधी फोन डॉक्टरला, गोळी तोवर चालूच. तरुण मुली वाचत असतील तर पाळी लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन बिघडून होणाऱ्या पाळीच्या त्रासाचं, बघून घ्या, ते अगदी कॉमन आहे.

रानवारा:
डाळिंबबाग ताई, माझं आधीचं लिहिणं घाईचं होतं, माफ करा. आईंना लवकर दाखवा.

डाळिंबबाग:
साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांनी मेसेज करून विचारलंत त्याबद्दल खूप आभार.

सिस्टर, तुमचं बरोबर निघालं. सकाळचं कॉर्टिसॉल 0.9 आलं, 3 च्या खाली म्हणजे ग्रंथी काम करत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पुड्या बंद, त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोनच्या म्हणजे कॉर्टिसॉलच्याच गोळ्या, सकाळी 10 मिलीग्रॅम, दुपारी 5. हळूहळू कमी करणार, ग्रंथी जागी व्हायला काही महिने लागतील, कधी वर्षही लागतं म्हणाले. ताप आला तर डोस दुप्पट करायचा आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी पहिलं हे सांगायचं, ते मी एका कार्डावर मराठीत लिहून तिच्या बटव्यात ठेवलंय. हाडांची डेक्सा तपासणी केली, हाडं ठिसूळ झालीत, त्याचं औषध चालू आहे. वजन 67 वर आलंय.

गुडघे मात्र परत दुखायला लागले, खूप. पहिल्या आठवड्यात रात्री रडली ती, म्हणाली मला माझी पुडी दे. एक्सरेमध्ये झीज आहे, त्यासाठी पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम दिलेत, मी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून करून घेते.

एक विचारायचं होतं. आमच्या आळीतल्या दोन काकू त्याच माणसाकडून पुड्या आणतात. एकीचा चेहरा आता मला बघवत नाही. त्यांना काय सांगू, कसं सांगू?

वॉर्डनंबर3:
"विष खाताय" असं म्हणू नका, घाबरून त्याच दिवशी बंद करतील. आईंनाच पाठवा त्यांच्याकडे, तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकतील. आईंनी एवढंच सांगायचं की माझं असं असं झालं, पुडी चालू ठेव पण याच आठवड्यात पुडी घेऊन माझ्या डॉक्टरकडे चल. दोघींनाही एकटं जायला लावू नका, कुणीतरी सोबत जा. आणि तुमच्याकडे उरलेल्या पुड्यांतल्या दोनचार जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या ऑफिसात लेखी तक्रार देताना लागतील.

डाळिंबबाग:
रविवारी गावी जातेय. आई म्हणाली मी स्वतः येते दोघींना घेऊन, गाडी तेवढी सांगून ठेव.