स्की बिब अंगाला नीट बसतच नाही, उंची ५ फूट १ इंच, घेताना काय बघू?

डोंगरवेडी (पुणे):
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला चाललेय आणि कपड्यांवरून अडलंय. मागच्या वर्षी औलीला चार दिवस गेले होते तेव्हा बिब भाड्याने घेतला होता, म्हणजे ती डंगरीसारखी छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट. कमरेला ठीक होता, पण पट्टे पूर्ण सैल सोडले तरी संध्याकाळी खांद्यावर लाल वळ उठलेले असायचे आणि खाली वाकलं की जांघेत असा काचायचा की पडल्यावर उठायलाच नको वाटायचं. दुसऱ्या दिवशी एक साइज मोठा घेतला तर आसन खाली लोंबायला लागलं आणि पायघोळ इतका की बुटाखाली यायचा. शिवाय टॉयलेटला जायचं म्हणजे जॅकेट काढा, फ्लीस काढा, मग पट्टे सोडा, तेही त्या थंडीत. त्या भीतीने मी पाणीच कमी प्यायले आणि दोन दिवस डोकं ठणकत होतं. यंदा स्वतःचा घ्यायचाय. बिबच घेऊ की साधी स्की पँट बरी? कंबर आणि उंची सोडून अजून कुठलं माप बघायचं असतं का?

बर्फातली_वाट (डेन्व्हर):
तुझं उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे बघ. कंबर ठीक होती आणि तरी खांदा नि जांघ दोन्हीकडे काचत होतं, म्हणजे बिब धडाला आखूड होता. साधी पँट कमरेवर टिकते, बिब खांद्यावर लटकतो, त्यामुळे कमरेपेक्षा धडाचं माप महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी घेत नाही. थर्मल आणि फ्लीस घालून उभी राहा, शिंप्याचा टेप एका खांद्याच्या मधोमध धर, पुढून खाली, जांघेतून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. हे एकटीला जमत नाही, घरातलं कोणीतरी टेप धरायला लागतं. मग दुकानात बिबचे पट्टे मध्यावर ठेवून त्याचं तेच माप घे, ते तुझ्यापेक्षा निदान चार बोटं जास्त भरलं पाहिजे.

इकडे बऱ्याच कंपन्या शॉर्ट, रेग्युलर, टॉल अशा लांब्या देतात, पण बहुतेक वेळा शॉर्ट म्हणजे फक्त पाय आखूड, धड तेवढंच. तुला ते सोयीचंच आहे खरं तर, तुझी अडचण दोन्हीकडून होती ना, धड पुरत नव्हतं आणि पाय जास्त होते.

आणि घालून बघताना आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. स्कीइंग करताना गुडघे वाकलेले असतात, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकलेली असते. दुकानात उकिडवी बस, दोन्ही हात वर कर, एक पाय खुर्चीवर ठेव. यातल्या एकाही वेळी पट्टा खांद्यात रुतला तर तो बिब परत ठेव, नंतर सैल होईल असं दुकानदार म्हणाला तरी. पाठीला आणि कमरेला स्ट्रेच कापड असलेला बघ, फार फरक पडतो.

अफरवाट (नाशिक):
मी गुलमर्गला कोर्स केलाय. बिबच घे. सुरुवातीला आपण दिवसभर पडतच असतो, साध्या पँटमध्ये पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि पाठीतून बर्फ आत जातो, तो वितळला की दिवसाची वाट लागते.

जाड अस्तरवाला मात्र घेऊ नको. शिकणाऱ्यांना उतारावर बरेचदा स्की लावून आडव्या पावलांनी चढायला लावतात, तेव्हा घामाघूम होतं आणि मग रांगेत उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. बिनअस्तराचा शेल, म्हणजे नुसता बाहेरचा पाणी-वारा अडवणारा थर घे, आत थर्मल, आणि मांडीला उघडणारी झिप हवीच. वॉटरप्रूफचा आकडा (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं तो) १०,००० मिलिमीटर पुरे होतो, पण आतून शिवणींवर टेप मारलेली आहे का ते उलटा करून स्वतः बघ, कारण गुडघे टेकले, बर्फात बसलं की तिथूनच पाणी आत येतं.

खाली घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा तुकडा लावलेला असतो तोही बघ. माझ्या बिबला नव्हता, दुसऱ्याच दिवशी स्कीच्या धारेने वीतभर फाटला. आतला इलॅस्टिकचा घेर बुटावरून घ्यायचा, बुटात कोंबायचा नाही. बुटाच्या आत मोज्याची एकच जोडी, थर्मलसुद्धा पोटरीपर्यंतचंच, नाहीतर नडगीवर वळ उठतात.

मिठीचहा (ठाणे):
टॉयलेटचं मी सांगते, कारण पुरुष मंडळींना तो त्रास कळत नाही. ड्रॉप सीट असलेला बघ, म्हणजे मागून कमरेच्या खाली झिप फिरवली की मागचा भाग खाली येतो, पट्टे आणि जॅकेट अंगावरच राहतात. काहींना त्याऐवजी बगलेपासून मांडीपर्यंत झिप असते, तीही चालते. घरी सगळे थर चढवून, हातमोजे फक्त काढून, एकदा खरंच बसून बघ गं, झिपचं टोक पाठीमागे हाताला लागतं की नाही ते तेव्हाच कळतं. एकसंध थर्मल घेऊ नको, वरचं-खालचं वेगळं घे आणि वरचं आत खोचू नको. आणि पाणी पी! एवढ्या उंचीवर कोरडी थंडी असते, तहान लागत नाही पण अंगातलं पाणी जातंच.

पट्ट्याचं बक्कलही बघ कुठे येतंय, ब्राच्या पट्ट्यावर किंवा सॅकच्या पट्ट्याखाली आलं तर माप बरोबर असूनही वळ उठणार.

टीप_आणि_काज (सांगली):
मी शिवणकाम करते, एवढंच सांगते. पाय लांब झाले तर खालून कापू नका, तिथे आतला घेर, झिप, जाड तुकडा सगळं असतं. कमरेला बाजूने टाचाल तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपेल. पट्टे तेवढे बिनधास्त आखूड करा, त्याने काही बिघडत नाही.

डोंगरवेडी (पुणे):
सगळ्यांचे मनापासून आभार! काल आईने टेप धरला, नुसत्या अंगावर १४७ सेंटीमीटर आणि थर्मल-फ्लीस घालून १५० भरलं. आज दुकानात जाऊन मापं घेतली. स्मॉल १४९ निघाला, म्हणजे मागच्या वर्षी काय झालं असणार ते कळलं. मीडियम शॉर्ट १५८ आहे, उकिडवं बसले, हात वर केले, कुठेच ओढलं नाही, पाय बुटावर बरोबर येतात. कमरेला थोडा सैल आहे पण बाजूला वेल्क्रो आहे. ड्रॉप सीटची झिप मात्र डाव्या हाताला लागत नाहीये, उजव्या हातानेच पूर्ण फिरवावी लागते. चालेल ना?

मिठीचहा (ठाणे):
चालेल. झिपच्या टोकाला जाड दोरीचा फास बांध, बोटभर लांब. मग गारठलेल्या बोटांनीही सापडते.