'हे इथून इकडे': सर्व मुलांना पोचतील असे ऑनलाइन धडे बनवताना (अनुभव धागा)

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण शिक्षक मंडळी रातोरात व्हिडिओवाले झालो. त्या घाईतले धडे अजून फिरतायत, नवेही रोज बनतायत. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, वाचायला अवघड जातं, अशा मुलांसाठी तुम्ही काय केलंत? फसलेलं आधी लिहा. कौतुक नंतर करू. सुरुवात मीच करते.

खडूफळा

नववीचं गणित शिकवते. माझ्या व्हिडिओंना पालकांची वाहवा मिळायची. वर्गात एक मुलगा पूर्ण अंध. त्याच्या आईचा फोन आला, "बाई, तो म्हणतो, बाई नुसतं हे-ते करतात." मला जरा रागच आला. रात्री डोळे मिटून स्वतःचा व्हिडिओ ऐकला. "हे इथून इकडे आणलं, याला याने भागलं, आलं का लक्षात?" काय कप्पाळ लक्षात येणार!

मग बोलणंच बदललं. "एक्स अधिक दोन भागिले तीन" म्हटलं तर तीनने नक्की कशाला भागायचं? नुसत्या दोनला, की सगळ्याला? आता म्हणते, "अंशात एक्स अधिक दोन, छेदात तीन." वेळ जास्त लागतो खरा, पण डोळस मुलांच्या वह्यांतल्या कंसाच्या चुकाही कमी झाल्या.

वर्तुळालेखाला मात्र अजून अडते. कोणी सुचवाल का?

जुनाटंकक

माझी फजिती फॉन्टची. वीस वर्षं प्रश्नपत्रिका जुन्या डीव्ही-टीटी सुरेखमध्ये टाइप करत आलो. छापून देखणी दिसते. तीच फाइल एका विद्यार्थिनीला पाठवली, तर तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम (एनव्हीडीए नावाचा, फुकट मिळतो), इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा वाचायला लागला. कारण साधं आहे. या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचा आकार बसवलेला असतो. डोळ्याला 'क' दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे 'क' नसतोच. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षराला संगणकातही स्वतःची ओळख असते त्या पद्धतीत, सगळं आणण्याला पर्याय नव्हता. कन्व्हर्टर वापरले, पण रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासावी लागली.

आणि स्कॅन केलेली पीडीएफ पाठवू नका हो. ते पानाचं चित्र असतं. वाचक यंत्र त्यापुढे गप्प बसतं.

ओठवाचन

कर्णबधिर मुलांच्या शाळेत आहे. सगळ्यात मोठी चूक सांगते: सबटायटल टाकले की झालं, असा समज. पहिला दहा मिनिटांचा धडा शब्दन् शब्द टंकला. तीन तास गेले. मुलांनी दोन मिनिटांत बंद केला. जी मुलं खुणांच्या भाषेत वाढली, त्यांना लिखित मराठी ही दुसरी भाषा. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे, प्रश्नाचा शब्दसुद्धा वाक्याच्या शेवटी येतो. वरून माझी ती लांबलचक वाक्यं!

आता आधी खुणांमध्ये गोष्ट, मग लहान वाक्यांची सबटायटल्स, आणि ओळ पडद्यावर जरा जास्त वेळ. खुणा करणारी व्यक्ती कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी ठेवायची नाही, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. शब्द अडला की दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा शब्दकोश बघते. 2018 साली तीन हजार शब्दांचा होता, 2021 मध्ये दहा हजारांवर गेला. तरी विज्ञानातल्या काही शब्दांना आम्ही वर्गापुरती खूण ठरवतो.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांसाठी एकच विनंती: मागची बासरी बंद करा. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. तोंड दिसत असतानाही ओठांवर 'प' आणि 'म' सारखेच दिसतात. 'पाटी' म्हटलेलं एकाने वहीत 'माती' लिहिलं होतं.

मोखाड्याकडचा मास्तर

तुमचं सगळं बरोबर, पण आमच्याकडे व्हिडिओ उघडतच नाही. घरात फोन एक, तोही बापाबरोबर कामावर. रात्री आठला परत येतो, तेव्हा रेंज असली तर असली. मी व्हिडिओ सोडले. तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. घरची बोली वारली, म्हणून अवघड शब्द आधी वारलीत. आवाज माझा नाही, पाचवीतल्या एका पोरीचा. माझे उच्चार ऐकून पोरं हसतात.

एक फायदा नंतर कळला. एका मुलाला वाचताना जोडाक्षरं नाचतात. तो हा आवाज ऐकत पुस्तकावर बोट फिरवतो. त्याच्यासाठी मी मुद्दाम असं काही केलं नव्हतं.

पांढरीकाठी

शिक्षक नाही, एकेकाळचा अंध विद्यार्थी. सध्या बँकेत.

खडूफळा ताई, वर्तुळालेखाचं 'रंगीत वर्तुळ, चार भाग' असं वर्णन लिहू नका. त्यातून हाती काही लागत नाही. आधी आलेख कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, मग आकडे साध्या तक्त्यात, पहिल्या ओळीत मथळे. तक्ता खरा हवा, स्पेसबार दाबून जुळवलेला नको. स्क्रीन रीडर एकेक चौकट वाचत जातो, कोन मुलगा स्वतः काढेल. 'लाल भाग पाहा' हे तर विसराच, ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांचीही तिथे पंचाईत होते.

आणि वर्तुळ म्हणजे काय ते हाताला कळू द्या. आमच्या बाईंनी डब्यातली भाकरी माझ्या हातात दिली होती. चतकोर मोडायला लावली आणि टोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे नव्वद अंश." मग अर्धी, मग पाऊण. तास संपला तेव्हा भाकरीही संपली होती.