ईमेलवर आलेला फॅक्स: १४ पानांपैकी एकच छापलं जातंय

ए-३०२: नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या हॉस्पिटलने हिचे रिपोर्ट फॅक्सने पाठवलेत, ते ईमेलवर टिफ फाइल (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) होऊन आलेत. आउटलुकमधून प्रिंट दिली की फक्त कव्हर शीट, म्हणजे पहिलं माहितीचं पान निघतं. त्याच्यावर एकूण पानं १४ लिहिलंय. शिवाय अक्षरं वरून दाबल्यासारखी बुटकी दिसतात. बाकी सगळं प्रिंटर नीट छापतो. उद्या डॉक्टरांकडे न्यायचेत.

बी-७०४: काका, पानं गेली नाहीत, त्याच फाइलमध्ये आहेत. फॅक्सच्या टिफमध्ये एकाच फाइलीत सगळ्या पानांची चित्रं एकामागे एक असतात. आउटलुक अटॅचमेंट स्वतः छापत नाही. विंडोजमध्ये टिफ ज्या प्रोग्रामला जोडलेली असेल त्याच्याकडे सोपवतं. तो साधा फोटो दाखवणारा असला की पहिलं चित्र छापून मोकळा होतो. म्हणून मेलमधून प्रिंट देऊच नका. अटॅचमेंटवर राइट क्लिक, सेव्ह अ‍ॅज, डेस्कटॉपवर ठेवा. मग इरफानव्ह्यू या चित्रं बघायच्या प्रोग्राममध्ये उघडा, कंट्रोल-पी दाबा आणि मल्टिपेज इमेजच्या पर्यायात सगळी पानं निवडा.

सी-१०१: प्रिंट देण्याआधी चौदाही पानं उलटून बघा हं काका. एखादं पान निगेटिव्हसारखं काळं दिसलं तर छापू नका, टोनर फुकट जाईल. फॅक्समध्ये शून्य म्हणजे पांढरं की काळं हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं, काही प्रोग्राम ते उलटं वाचतात. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडलं की सरळ दिसतं.

ए-३०२: सगळी १४ दिसली! काळं एकही नाही. पण बुटकी अक्षरं तशीच.

बी-७०४: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. आडवं आणि उभं रिझोल्यूशन किती दाखवतंय?

ए-३०२: आडवं २०४, उभं ९८.

बी-७०४: मग तेच कारण. हा स्टँडर्ड फॅक्स आहे. आडव्या इंचात २०४ ठिपके, उभ्या इंचात ९८. रुंदी १७२८ ठिपके, लेटर कागदाची (अमेरिकेतलं नेहमीचं माप) उंची जेमतेम १०८० ओळी. प्रोग्रामने दोन्हीकडे ठिपका सारखाच धरला की पान निम्म्या उंचीचं होतं. घाईत एखाद-दुसरं पान हवं असेल तर ते वर्डमध्ये चित्र म्हणून टाका, चित्राच्या मापात लॉक आस्पेक्ट रेशोची (उंची-रुंदीचं प्रमाण बांधून ठेवणारी) खूण काढा, रुंदी १९ आणि उंची २४.५ सेंमी द्या. पण बारीक आकडे त्याने स्पष्ट होणार नाहीत. ओळीच कमी आल्यात, त्या आता कुठून आणणार?

सी-१०१: रिपोर्टमधला दशांश चिन्हाचा ठिपका अशा फॅक्समध्ये सहज पुसला जातो. १.४ चं १४ वाचलं गेलं तर? त्यामुळे काका, आज रात्रीच हॉस्पिटलला मेल करा, तिकडे दिवस असेल. फाइन मोडमध्ये, म्हणजे जास्त बारीक दर्जात पुन्हा फॅक्स करायला सांगा. त्यात उभे ठिपके १९६ होतात, म्हणजे अक्षरांचा आकारही सुधारतो. त्याहून बरं म्हणजे मूळ रिपोर्टची पीडीएफच मागा. आणि ही फाइल फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. वहिनींचं नाव, जन्मतारीख, सगळं त्यात आहे.

ए-३०२: मेल टाकतो लगेच. कागद ए-४ च चालेल ना?

बी-७०४: चालेल, फक्त प्रिंट देताना फिट टू पेज (कागदात मावेल असं) ठेवा. फॅक्सची रुंदी २१५ मिमी भरते, ए-४ ची २१०. मूळ मापात छापलंत तर कडेचे शब्द कापले जातील.

डी-५०३: आमच्याकडे अशी फाइल दुसऱ्याच प्रिंटरकडे जाते. त्याचं काय?

बी-७०४: आउटलुकमध्ये अटॅचमेंटही छापा हा पर्याय निवडला की ती फक्त डिफॉल्ट प्रिंटरवरच जाते, वर कुठलाही निवडलेला असू दे. सेटिंग्ज, प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि आपला प्रिंटर डिफॉल्ट ठेवा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होऊन बसतो.

ए-३०२: हॉस्पिटलचं उत्तर आलं. तासाभरात पीडीएफ पाठवताहेत.