ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सोसायटीत गोळा होणारं सामान बंद करावं का?

रानजाई (धागाकर्ती)

आमची सोसायटी कोथरूडची. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की प्रत्येक इमारतीच्या खाली खोकी ठेवतात. जुने कपडे, दप्तरं, खेळणी त्यात पडतात. पाडवा झाला की टेम्पो बीड जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात जातो. आईवडील ऊसतोडीला गेलेली मुलं तिथे राहतात. चार वर्षं मी या समितीत आहे. यंदा सभेत म्हटलं, सामान पुरे, टेम्पोचं भाडं आणि वर्गणी मिळून जे होईल ते वसतिगृहाला रोकड्यात देऊ. जणू मी गणपती बंद करा म्हटलं असा गदारोळ झाला.

कारण सांगते. गेल्या वर्षी टेम्पोबरोबर गेले होते. कोठीचं दार अर्धंच उघडत होतं, कारण मागे आमचीच आधीची पोती. एक शेरवानी. टिकल्या लावलेले, अंगाला टोचणारे पार्टी फ्रॉक. उंच टाचेच्या चपला. २०१७ ची डायरी. दीडशेतरी एकरेघी वह्या. आणि बाहेर ओसरीवर पहिलीतली एक पोरगी त्याच एकरेघी वहीत पट्टीने उभ्या रेघा मारत बसलेली. गणितासाठी चौकटी करत होती. चौकटीची वही कुणी दिलीच नव्हती.

आम्ही फोटोसाठी बॅनर उलगडत होतो तेव्हा अधीक्षक बाजूला घेऊन हळूच म्हणाले, स्वयंपाकाच्या दोन्ही बायकांचा तीन महिन्यांचा पगार थकलाय. त्या वेळी मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "बघू हं" म्हणाले असेन.

२००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयापर्यंत शिक्षण मोफत आहे. पुस्तकं बालभारतीची फुकट येतात. कमी आहेत ती माणसं. आणि माणसांचा पगार कुणालाच द्यायचा नसतो.

तिरकस

पैसे दिले की संस्थाचालकाच्या दारात नवी बोलेरो उभी राहते. ब्लँकेट दिलं तर निदान कुणाच्या तरी अंगावर जातं. मी वस्तूच देणार. (हलके घ्या, पण मी गंभीर आहे.)

चहात साखर कमी

धाग्याला शुभेच्छा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वसंत मास्तर

रानजाईताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पाटोद्याकडं. सव्वीस वर्षं झाली.

आमच्याकडं दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, जावंच लागतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, मग लेकरं कुणाकडं? आजी धडधाकट असली तर गावात राहतात आणि त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. म्हणजे रात्री आजीकडं, जेवण शाळेत. आजी नसली तर लेकरू जातं उसाच्या फडावर. दहा-अकरा वर्षांची पोरगी कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळती. मार्च-एप्रिलात परत आली की हजेरीपटात पाच महिन्यांच्या फुल्या.

आता तुमचा टेम्पो बघा. पाडव्यानंतर येतो. तोवर आमचा निम्मा वर्ग सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात पोचलेला असतो. जी मागं राहिली त्यांना सामान मिळतं, आणि जी गेली त्यांनाच गरज जास्ती होती. तेव्हा बंद करण्याआधी महिना बदला. सप्टेंबरात या.

आणि वस्तू लागत नाहीत हे मात्र पटत नाही. डिसेंबरात आमचा डोंगराचा पट्टा. सकाळच्या परिपाठाला पोरं हात काखेत घालून उभी राहतात. गणवेश सरकार देतं, कधी वेळेवर, कधी उन्हाळा लागताना. स्वेटर कोण देतं? मोठ्या पोरींचे पॅड कोण देतं? पुण्यात बसून "माणसांत पैसे घाला" म्हणणं सोपं आहे.

रानजाई

मास्तर, महिन्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमची साफसफाई दिवाळीला म्हणून त्यांची मदत दिवाळीला, असला हा हिशेब. लाज वाटली.

पण स्वेटरचं म्हणाल, तर आमच्या खोक्यात पडतात ते बाह्या सुटलेले. ऐंशी मुलांना ऐंशी स्वेटर मापाप्रमाणे घ्यायचे तर पैसेच लागतील ना?

गोधडी

धागाकर्तीशी असहमत. जुनं म्हणजे टाकाऊ हे समीकरण चुकीचं आहे. 'गूंज'चं काम बघा. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केलं, २०१५ मध्ये मॅगसेसे मिळालं. शहरांतले जुने कपडेच ते वापरतात, पण भीक म्हणून वाटत नाहीत. गावाने विहीर साफ करावी, रस्ता करावा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे. सुती कापडाचे पॅडही करतात. दोष जुन्या कपड्याचा नाही, देण्याच्या पद्धतीचा आहे.

रानजाई

गूंजकडे निवड करायला, धुवायला, शिवायला माणसं आहेत. परत माणसांवरच आलात की! आमच्याकडे निवड करतो तो वॉचमन, आणि तो बिचारा फक्त खोकं फाटणार नाही एवढंच बघतो.

अवांतर: तुमचा आयडी या धाग्याला अगदी शोभतोय.

हिशेबनीस

तिरकसराव, बोलेरोची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते विचारा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. खऱ्या संस्थेला राग येत नाही, उलट चहा मिळतो. मुलं निवासी असतील तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी आहे का की शाळेचं साधं वसतिगृह आहे, हेही विचारा. वस्तूंचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून तिथली गळती दिसत नाही इतकंच. मी स्वतः एका संस्थेची पुस्तकं तपासताना "कपडे, ९ पोती" अशी नोंद पाहिली आहे. नऊ पोत्यांत काय होतं? देव जाणे.

शिवाय देणगीवरची आयकराची सवलत (८०जी) फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर तीही नाही. चेक द्या.

एक गोष्ट मात्र खरी. देणगीदार विचारतात, "प्रशासनावर किती जातात?" आणि स्वयंपाकीण प्रशासनात धरतात. त्यामुळे संस्था तिचा पगार कुठेतरी "पोषण" नावाखाली दडपतात. ते चूक आहे, पण तसं करायला आपणच लावतो.

एडिसनचा पाटील

आम्ही न्यू जर्सीत काही जण दर महिन्याला पैसे पाठवू शकतो. तिथे सामान पाठवणं परवडतच नाही. थेट संस्थेच्या खात्यावर टाकले तर चालतील?

हिशेबनीस

पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमच्या इथल्या खात्यातून बिनदिक्कत द्या. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही तो परदेशी पैसा. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या ठरावीक खात्यावरच यायला हवेत. लहान संस्थांकडे हे सहसा नसतं. उगाच त्यांना अडचणीत आणू नका.

कोयत्याची लेक

इथे मी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मी अशाच एका वसतिगृहात सहा वर्षं काढली. पाचवी ते दहावी. आता नर्स आहे.

रानजाईताई, तुम्ही कोठी बघितली. मी रांग बघितलीय. पाहुणे आले की आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायचे. मला एकदा निळा स्वेटर मिळाला. आत कॉलरला दोऱ्याने इंग्रजीत कुणाचं तरी नाव शिवलेलं, आर-आय-ए. ते मी ब्लेडने उसवायला गेले तर भोक पडलं. तरी तोच घालायचे, ऊब होती ना! तेव्हा मास्तर म्हणतात ते खरं आहे, थंडीत मान-अपमान सुचत नाही. फोटोचा राग मात्र अजून आहे. माझ्या गावातल्या एका मुलाने तो फोटो कुठल्या तरी पानावर बघितला आणि बारावीपर्यंत चिडवलं.

पण मी टिकले कशामुळे? दोन गोष्टी. एक, स्वयंपाकाच्या मावशी. मला पाळी आली तेव्हा त्यांनीच सांभाळलं. आठवीत घरचे लग्न लावायला न्यायला आले, तेव्हा त्या दारात आडव्या झाल्या. कोयता पुरा करायला जोडी लागते, हे तुम्हाला मास्तर सांगतील. अधीक्षक सहा वर्षांत चार बदलले, मावशी त्याच. त्यांचा पगार थकलाय हे वाचून मला आज काम सुचलं नाही.

दुसरी गोष्ट वस्तूच आहे. एका वर्षी कुणीतरी प्रत्येकीला पत्र्याची नवी पेटी दिली. कुलूप-किल्लीसकट. आमच्या घरी कुलूप लावावं असं काही नव्हतंच, कोपीला तर दारही नसतं. त्या पेटीत मी काय ठेवायचे? एक कंगवा, आईचा जुना फोटो आणि वापरून संपलेल्या वह्या. किल्ली गळ्यात. देणारे कोण होते माहीत नाही, ते फोटो काढायलाही थांबले नव्हते.

म्हणून मला तुमची दोन्ही बाजूंची भांडणं वाचून हसू येतंय. राग मानू नका.

वसंत मास्तर

लेकी, कुठलं गाव तुझं? नको, इथं सांगू नको. बरं वाटलं.

तिरकस

मावशींच्या पगाराला माझे महिना १००० धरा. अहवाल मात्र बघणारच. बोलेरोचा मुद्दा मी मागे घेतलेला नाही.

गोधडी

कोयत्याची लेक, दुसऱ्याचं नाव शिवलेल्या तुमच्या त्या स्वेटरने मी गप्प झाले. तरीही म्हणेन, नाव उसवून, धुऊन, इस्त्री करून दिला असता तर? तेवढे कष्ट घ्यायची तयारी असेल त्यानेच जुनं द्यावं. सरसकट बंदी नको.

रानजाई

सोसायटीच्या ग्रुपवर आज हे टाकलं, सगळ्यांच्या शिव्या खायच्या तयारीने:

"यंदा खोकी ठेवणार नाही. वर्गणी चेकने, वर्षभराच्या दोन पगारांसाठी. वसतिगृहाने यादी दिली आहे: चौकटी आणि दुरेघी वह्या, मापाप्रमाणे स्वेटर, सगळं नवं, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. बॅनर नाही, मुलांचे फोटो नाहीत."

आतापर्यंत अकरा अंगठे, तीन "मग जुन्याचं काय करायचं?" आणि एक "फोटो नाही तर कळणार कसं?" जुन्यासाठी गोधडी म्हणतात तसे धुऊन-निवडून घेणारे कुणी असतील तर व्यक्तिगत निरोप करा, मी आणून देईन.

लेक, पेट्याही यादीत घालू का? कुठल्या मापाच्या?

कोयत्याची लेक

घाला. फार मोठी नको, खाटेखाली सरकायला हवी, नाहीतर वाटेत राहते आणि सगळे तिच्यावर बसतात. कडीचं कुलूप घ्या, आतल्या लॅचचं बिघडतं. आणि दोन किल्ल्या असलेलंच घ्या. एक मावशींकडे द्यायची. मी माझी तीनदा हरवली होती.

चहात साखर कमी

पॉपकॉर्न ठेवलं बाजूला. रविवार पेठेत माझा मावसभाऊ पेट्या विकतो, घाऊक भाव विचारून उद्या टाकतो. नग किती धरायचे?