'ब्रिंग इट ऑन' कोणाकोणाला आवडतो? आपापले अनुभव लिहा

चीअरलीडर्सवरचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे लोक आधी गालातल्या गालात हसतात, कारण आपल्याला चीअरलीडर माहीत झाली ती २००८ च्या आयपीएलमध्ये, सिक्स बसला की नाचणारी. पण त्याच्या कितीतरी आधी, २००० साली आलेला 'ब्रिंग इट ऑन' आमच्या वयाच्या बऱ्याच पोरींनी केबलवर बघून बघून पाठ केलाय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: सॅन डिएगोची पैसेवाली शाळा, तिची टोरोज ही टीम, दरवर्षी नॅशनल्स मारणारी. टॉरन्स (कर्स्टन डन्स्ट) नवीन कॅप्टन होते आणि मग कळतं की आधीच्या कॅप्टनने सगळे चीअर्स, म्हणजे घोषणा आणि नाच, ईस्ट कॉम्प्टनच्या क्लोव्हर्स टीमकडून ढापलेत. कधी बघितला, का आवडला, नसेल आवडला तर तेही लिहा, फक्त "टुकार आहे" एवढंच लिहून पळू नका.

माझं सांगते. मला त्यातला दात घासायचा सीन जाम आवडतो. टॉरन्स मैत्रिणीकडे राहायला गेलीये, मैत्रिणीचा भाऊ क्लिफ बेसिनपाशी ब्रश करतोय, ही शेजारी उभी राहून करायला लागते, दोघं आरशातून चोरून एकमेकांकडे बघतात आणि थुंकायची वेळ आली की ही लाजून तोंडावर हात आडवा धरते. डायलॉग नाही, काही नाही. सोळा-सतरा वर्षांचं असताना आवडत्या मुलासमोर जे होतं ते तेवढ्यात आलंय सगळं.

*

इंजिनिअरिंगला होस्टेलवर लॅनवर कोणीतरी टाकला होता, आम्ही पोरांनी कशासाठी लावला हे काय लपवून ठेवण्यासारखं नाही. पण मजा अशी की सिनेमा स्वतःच आपल्याला पकडतो, पहिल्याच चीअरमध्ये पोरी स्वतःचीच टर उडवतात, आम्ही किती सुंदर किती पॉप्युलर वगैरे, आणि मग कळतं ते टॉरन्सचं स्वप्न होतं. नंतर रूममधला दंगा कमी कमी होत गेला आणि फायनलला तर जो तो आपापली टीम धरून बसलेला. आणि क्लोव्हर्स जिंकतात!! हिरोईनची टीम दुसरी येते आणि तिला ते पटलेलं असतं, रडारड नाही. आम्हाला सवय शेवटच्या बॉलला हिरोने सिक्स मारायची, त्यामुळे दोन मिनिटं कोणी काही बोललंच नाही, मग एक जण म्हणाला बरोबर आहे ना पण, चोरी यांनी केली होती.

*

मला स्पार्की (टोरोज पैसे देऊन आणतात तो डान्स बसवणारा) बघून आमचे डान्सवाले सर आठवले. गॅदरिंगला बाहेरून आणले होते, वर्गणी काढून पैसे दिले, महिनाभर आमच्यावर ओरडले, तुमच्या अंगात तालच नाही म्हणून. तालुक्याच्या स्पर्धेला गेलो तर आमच्या आधी स्टेजवर गेलेल्या शाळेने तोच डान्स केला. तेच गाणं, मधे गुडघ्यावर बसून ओढणी फिरवायची तीच स्टेप, फक्त त्यांच्या ओढण्या हिरव्या होत्या. आम्ही विंगेत उभ्या, मेकअप करून, आणि पाठोपाठ जाऊन तेच करायचं. त्यामुळे सिनेमात टोरोज रीजनल्सला जातात आणि समोरची टीम स्पार्कीने विकलेलाच रुटीन करते तेव्हा सगळे हसतात, मला हसू येत नाही, पोटात गोळा येतो. तो बोटं नाचवायला शिकवतो तेव्हा मात्र हसते, तेवढं ठीक आहे.

*

न्यू जर्सीहून लिहितेय. मुलगी शाळेत चीअरला आहे, ती म्हणाली तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्यांच्या डोक्यात आयपीएल. प्रॅक्टिस बघायला नेलं तेव्हा गप्प बसले. खाली दोन बेस, मागे बॅकस्पॉट, वर फ्लायर, आणि बास्केट टॉसला फ्लायरला अक्षरशः हवेत फेकतात. झेलताना चुकलं तर डोक्याला मार बसतो, कन्कशन हा शब्द आमच्या घरी आता डाळ-तांदळाइतका वापरात आहे. गंमत म्हणजे हे मुळात पोरांचं काम होतं, १८९८ मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीत एका मुलाने सुरू केलं, मुली कितीतरी नंतर आल्या. धाकटे बुशसुद्धा शाळेत चीअरलीडर होते, हे सांगितल्यावर सासूबाईंचा विरोध मावळला, का ते विचारू नका.

लेकीबरोबर सिनेमा परत बघितला. तिला स्टंट्स आवडले पण चीअर करणाऱ्या मुलग्यांवरचे, जाडीवरचे काही जोक ऐकून म्हणाली, आई, तुम्ही ह्याला हसायचात? तिला टोरोजमधला लेस आवडला, तो गे आहे आणि त्याचं कोणी नाटक करत नाही, २००० सालच्या मानाने हे बरंच होतं.

*

वरच्या ताईंनी लिहिलंय त्यात भर. मी महिला गोविंदा पथकात होते, ठाण्यात. कायम खालच्या थराला. हा सिनेमा बघताना माझं लक्ष वरच्या पोरीकडे नसतंच, खालच्यांच्या खांद्यांकडे असतं. थर लावताना पण तसंच, वरच्या पोरीचे फोटो येतात आणि खाली मनगटाला, मानेला जे होतं ते घरी जाऊन शेकायचं. त्यात मिसी (क्लिफची बहीण) जिम्नॅस्ट असते, शाळेत जिम्नॅस्टिक्सची टीमच नाही म्हणून नाक मुरडत चीअरला येते, ती मला सगळ्यात आपली वाटली.

*

मी जरा विरोधी पार्टी. सिनेमा गोड आहे मान्य, पण अन्याय क्लोव्हर्सवर झाला आणि गोष्ट कोणाची सांगताय? टॉरन्सची. तिचं अपराधी वाटणं, तिचा बॉयफ्रेंड, तिचा कटकट्या भाऊ. क्लोव्हर्सची कॅप्टन आयसिस (गॅब्रिएल युनियन) आणि तिच्या मैत्रिणींच्या घरात आपण किती वेळ जातो? काळ्या पोरींनी बसवलेलं गोऱ्या पोरी उचलतात आणि ट्रॉफ्या नेतात, हे इतक्या हलक्याफुलक्या टीनएज सिनेमाने मांडलं ह्याला मार्क आहेतच, पण कॅमेरा घाबरत घाबरत पलीकडे जातो. त्यातही युनियन पडद्यावर आली की बाकीचे फिके पडतात. टॉरन्स वडिलांच्या कंपनीकडून चेक आणून देते आणि आयसिस तो तिच्यासमोर फाडते, तो सीन माझ्यासाठी अख्खा सिनेमा आहे. त्यानंतर टीव्हीवाल्या बाईकडून पैसे मिळतात ते जरा सोयीचं वाटलं. पण तिची मदत घेतात आणि टॉरन्सची नाही, हे चौदा वर्षांच्या मुलीलाही नीट कळतं.

*

पुढचे भाग कोणी बघू नका प्लीज. २००६ च्या भागात रिहाना थोडा वेळ येते तेवढंच. पहिल्याचा दिग्दर्शक पेटन रीड पुढे मार्व्हलच्या 'अँट-मॅन'वर गेला, आणि ब्रॉडवेवर म्युझिकल झालं त्याच्या गाण्यांत 'हॅमिल्टन' म्युझिकलवाल्या लिन-मॅन्युएल मिरांडाचा हात होता, हे ऐकल्यापासून माझा भाऊ ह्या सिनेमाकडे आदराने बघायला लागलाय, तोपर्यंत आमचंच डोकं फिरलेलं.

*

मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्याबरोबर बघितला तर चालेल का? सासरे पण हॉलमध्येच असतात.

*

चालेल, पण बिकिनी घालून गाड्या धुवायचा सीन आहे, तेव्हा सासऱ्यांना चहा विचारायला जा. आणि शेवटी नावं यायला लागली की रिमोट उचलू नका, सगळे कलाकार 'मिकी'वर ओठ हलवत वाट्टेल तसे नाचतात.